लेखन शिकवणारे शिक्षक हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा अहवाल प्रसिद्ध झाला की ‘शाळकरी मुलांना वाचता येईना’ अशा मथळ्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत येतात, चार दिवस चर्चा होते, शिक्षकांवर ताशेरे ओढले जातात आणि विषय मागे पडतो. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. आकडा चिंता करावी असाच आहे. मात्र या पाहणीत मुलापुढे अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट ठेवून ती वाचून घेतली जातात, वजाबाकी आणि भागाकार करून घेतला जातो. ‘तुला काय वाटते ते चार ओळींत लिही’ असे मुलाला कोणी सांगत नाही. तसे सांगितले असते तर कागदावर काय उतरले असते, याचा अंदाज मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला करता येतो, आणि तो अंदाज वाचनाच्या आकड्यापेक्षा अधिक निराश करणारा आहे.

म्हणून हे पत्र लेखनाविषयी आहे; नेमके सांगायचे तर, मुलांना लिहायला शिकवणे हेच ज्यांचे विशेष काम असेल अशा शिक्षकांविषयी आहे. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात केंद्रागणिक, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक गटामागे, असा किमान एक शिक्षक असावा, त्याला त्या कामाचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळावे आणि इतर कामांतून त्याला खऱ्या अर्थाने मोकळीक असावी, अशी माझी मागणी आहे. ती अवास्तव नाही हे दाखवण्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या शाळांत लेखन होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत मूल सतत काहीतरी लिहीतच असते. पाठ्यपुस्तकातील पानभर मजकूर रोज उतरवून आणायचा, त्याला आपण शुद्धलेखन म्हणतो. दुरेघी वहीत अक्षर वळणदार काढायचे, ते हस्ताक्षर. बाई सांगतील ते लिहून घ्यायचे, ते श्रुतलेखन. फळ्यावरची प्रश्नोत्तरे वहीत, आणि वहीतली परीक्षेच्या कागदावर. पुढे निबंध येतो, तोही गाईडातून पाठ केलेला असतो. यांतील प्रत्येक गोष्टीला आपापल्या जागी काही उपयोग आहे. श्रुतलेखनाने कान तयार होतो, सरावाने हात बसतो. परंतु या साऱ्यांत मुलाला स्वतःचे असे एकही वाक्य तयार करावे लागत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण वह्या भरलेल्या दिसतात. पालक वही चाळतात, अधिकारी वही पाहून सही करतात, आणि वही भरली म्हणजे लेखन झाले असे सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील पालघर जिल्ह्यातील वाडा या भागांत, अनुक्रमे कन्नड आणि मराठी शिकणाऱ्या लहान मुलांच्या वाचन-लेखनाचा काही वर्षे चाललेला एक मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. वर्गातील लेखन म्हणजे मुख्यतः उतरवून काढणे, आणि मुलांनी आपल्या मनचे लिहिण्याला जवळजवळ वाव नाही, हे चित्र त्यातून पुढे आले. कन्नड आणि मराठी याच दोन भाषा आपल्या जिल्ह्यात शेजारी नांदत असल्यामुळे सोलापूरकरांनी तरी तो अभ्यास आपलाच समजून वाचायला हवा.

सोलापूरचा प्रश्न इतर जिल्ह्यांहून अधिक गुंतागुंतीचा आहे, तो येथील भाषांमुळे. ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सारे शहर लोटते, त्यांची वचने कन्नड आहेत. पूर्व भागातील विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहराच्या अनेक पेठांत उर्दू किंवा दखनी. आणि महापालिकेच्या शाळाही एकाहून अधिक माध्यमांच्या आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण घरी तेलुगू बोलणारे मूल मराठी लिहिताना कोठे अडते, हे समजणारा शिक्षक मिळावा अशी तरतूद त्या सक्तीबरोबर आली नाही.

ते कोठे अडते, याचे एक-दोन नमुने देते. कन्नड आणि तेलुगूत निर्जीव वस्तूंचे पुल्लिंग-स्त्रीलिंग असे वर्ग पडत नाहीत; मराठीत मात्र तो माग, ती चादर आणि ते सूत. तिन्ही वस्तू त्या मुलाच्या घरात रोज डोळ्यांसमोर असतात, पण त्यांतली एक ‘तो’ का आणि दुसरी ‘ती’ का, याला वस्तूत काहीच आधार नसतो. त्यामुळे ‘माझे चादर’ असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते आपल्या घरच्या भाषेच्या नियमाने अगदी तर्कशुद्ध चालत असते. बोलण्याच्या कन्नड-तेलुगूत ‘भ’, ‘घ’ यांसारखे महाप्राण सौम्य होतात, म्हणून भाकरीची ‘बाकरी’ होते. कन्नड लिपीत शब्दाच्या शेवटचा अकार पूर्ण उच्चारला जातो आणि मराठीत ‘घर’मधील ‘र’ आपण तोडून बोलतो, म्हणून आधी कन्नड वाचायला शिकलेले मूल मराठी ओळ वाचताना प्रत्येक शब्दाला शेपूट जोडते. उर्दू माध्यमातील मुलाची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि तिच्यात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. त्या मुलाने वेलांट्या गाळल्या तर त्यात नवल ते काय?

हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक या मुलांच्या चुका पाहून त्यांच्याशी काय बोलायचे ते ठरवू शकतो. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ही सगळी मुले एकजात ‘अप्रगत’ ठरतात. आणि हे ठाऊक असणे म्हणजे नुसते मराठी चांगले असणे नव्हे. ज्यांचे मराठी उत्तम आहे अशा कित्येक शिक्षकांना हे ठाऊक नसते, कारण अध्यापक विद्यालयात किंवा बी.एड.ला ते कोणी शिकवलेले नसते. तेथे मराठीच्या अध्यापन पद्धतीत गद्य, पद्य, व्याकरण आणि रचना असे पाठ घ्यावे लागतात. रचनेच्या पाठात फळ्यावर पाच मुद्दे लिहायचे, वर्गात त्यांवर थोडी चर्चा करायची आणि ‘निबंध घरून लिहून आणा’ असे सांगून पाठ टाचणावर सही घ्यायची, एवढ्यावर लेखन-अध्यापनाचे शिक्षण संपते. म्हणजे लिहिण्याची प्रत्यक्ष क्रिया, जिथे मुलाला मदत लागते, तीच नेमकी शिक्षकाच्या नजरेआड होते.

घरच्या मराठीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. ‘येऊलालोय’, ‘करलालोय’ ही सोलापूरची बोली आहे आणि ती ज्यांच्या जिभेवर आहे त्या मुलांना प्रमाण मराठी ही अर्धी परकीच असते. प्रमाण भाषा शिकवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे लेखनाचे अठरा नियम मुलांना दहावीपर्यंत यायला हवेत, याविषयी मी आग्रही आहे. पण कोणती गोष्ट केव्हा, याला क्रम असतो. चौथीतल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाने लिहिलेल्या सहा ओळींवर तांबड्या शाईच्या अकरा खुणा झाल्या, तर ते मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहिते, आणि त्याही पुस्तकातून बघून. चुका कमी होतात. शिक्षक समाधानी, मूलही सुरक्षित. मग नववीत हीच मुले ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर झुळझुळ वाहणारे ओढे आणि हिरवे डोंगर लिहितात, आणि खिडकीबाहेर सोलापूरचे कोरडे आभाळ असते! त्यांना पावसाची वाट पाहणे चांगले माहीत आहे, टँकर माहीत आहे, पाण्याची पाळी माहीत आहे. पण ते लिहायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आमच्या शाळेत एक सहकारी बाई होत्या. त्यांचे वर्गावरचे काम मी बरीच वर्षे जवळून पाहिले, म्हणून ‘लेखन शिकवणे’ म्हणजे मला काय अपेक्षित आहे ते त्यांच्या उदाहरणाने सांगणे सोपे जाईल. सहावीच्या वर्गात त्यांनी मुलांना घरातल्या कोणत्याही एका कामाविषयी लिहायला सांगितले. एका मुलीने ‘माझी आई विड्या वळते’ एवढे लिहून पेन खाली ठेवले. बाईंनी शाबासकी दिली नाही आणि रागावल्याही नाहीत. तिच्याजवळ बसून त्यांनी विचारले, ‘मला विडी करता येत नाही, मला शिकवशील?’ मग ती मुलगी बोलत सुटली. पाने आदल्या दिवशी ओली करून ठेवावी लागतात, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखू किती घ्यायची ते बोटांना कळते, दोरा कसा गुंडाळायचा, हजार झाल्या की मजुरी धरली जाते, कारखान्यात खराब म्हणून काही बाजूला काढतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. बाई ऐकत होत्या आणि मधूनमधून एकेक शब्द कागदावर टिपत होत्या. शेवटी तो कागद तिच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, ‘हे तू मला सांगितलेस. आता ज्याने विडी कधी बघितलीच नाही त्याला कळेल असे लिही.’

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने दीड पान लिहून आणले. त्यात चुका भरपूर होत्या. बाईंनी त्यांतली एकच जात निवडली, वाक्य कोठे संपते ही. पूर्णविराम नसल्यामुळे वाचणाऱ्याला धाप लागते, हे त्यांनी ते पान मोठ्याने वाचून तिला ऐकवले आणि पूर्णविराम तिच्याच हाताने घालून घेतले. लिंगाच्या चुका त्यांनी आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवल्या, कारण त्या वर्गातील अनेक मुलांच्या होत्या आणि त्यांवर पुढच्या आठवड्यात एक स्वतंत्र तास घ्यायचा होता. पहिला खर्डा, मग दुसरा, मग वर्गापुढे वाचन, आणि त्यानंतर भिंतीवर लावण्याची स्वच्छ प्रत. मुलांचे अक्षर कसे आहे, हा प्रश्न त्या शेवटच्या पायरीवर विचारायच्या. आपल्याकडे तो पहिल्या पायरीवर विचारला जातो, आणि बहुधा तेथेच थांबतो. (शाळांच्या वार्षिक हस्तलिखितांचेही तेच. वर्गातल्या चार सुवाच्य अक्षराच्या मुली पुस्तकांतून सुविचार आणि कविता उतरवतात, मुखपृष्ठावर मोर काढला जातो, आणि बक्षीस मिळते. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे त्या मुलांचा त्या अंकाशी संबंध येत नाही.)

या बाईंना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांनी वाचून, करून पाहून आणि स्वतः लिहून ते मिळवले होते. त्यांची बदली झाली आणि त्यांच्याबरोबर ते सारे शाळेतून निघून गेले. त्यांच्या जागी आलेले शिक्षक कामसू होते, पण त्यांना हे कोणाकडून कळणार? माझा सारा आग्रह येथे आहे. चांगले लेखन-अध्यापन आपल्या जिल्ह्यात मुळीच नाही असे नाही, ते व्यक्तींपाशी आहे आणि व्यक्तींबरोबर जाते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने छाती फुगवली. परंतु एखाद्या शिक्षकाचे कर्तृत्व कौतुकास पात्र ठरले म्हणून ते ज्ञान पलीकडच्या गावातील शाळेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्याला पद लागते, वेळ लागतो आणि कोणीतरी जबाबदार असावे लागते.

‘भाषेचा शिक्षक असतोच, मग लेखनाला आणखी वेगळा शिक्षक कशाला?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी भाषांचा एक शिक्षक सांगितला आहे, आणि पटसंख्या शंभरावर गेली तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांचीही तरतूद आहे. चित्रकलेला, खेळाला वेगळे कौशल्य लागते हे कायद्याला पटले. लेखनाला लागते हे पटलेले नाही, कारण ज्याला लिहिता येते त्याला ते शिकवताही येते, असा आपला समज आहे. त्या भाषाशिक्षकाची स्थिती पाहा. एका वर्गात साठ मुले असली आणि एका निबंधाला पाचच मिनिटे दिली, तरी एका वर्गाच्या वह्यांना पाच तास लागतात. तीन वर्गांना पंधरा. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचे काम आणि सर्वेक्षणे सांभाळून हे पंधरा तास दर आठवड्याला कोणी आणायचे? मग शिक्षक वह्यांवर बरोबरची खूण करून तारीख घालतो. मी त्याला दोष देणार नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. आपल्या राज्यातील शिक्षक पात्रता परीक्षा ही १५० बहुपर्यायी प्रश्नांची आहे. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणीही पर्याय निवडण्याचीच. म्हणजे पात्रतेपासून निवडीपर्यंतच्या या परीक्षांत उमेदवाराला आपल्या शब्दांत एक परिच्छेदही लिहावा लागत नाही. ज्याने गेल्या कित्येक वर्षांत अर्ज आणि अहवाल यांपलीकडे काही लिहिलेले नाही, त्याच्याकडून मुलांच्या खर्ड्याला सहानुभूतीने वाचणारा वाचक मिळेल, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये शिक्षकांसाठी सुरू केलेला लेखन प्रकल्प नेमक्या याच ठिकाणी हात घालतो. पुढे तो देशभर पसरला. त्याची मूळ कल्पना साधी आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक एकत्र येतात, स्वतः लिहितात, एकमेकांचे लेखन वाचतात, आपल्या वर्गात काय जमले ते एकमेकांना करून दाखवतात आणि मग परत जाऊन आपल्या भागातील इतर शिक्षकांना शिकवतात. वरून आलेला तज्ज्ञ दिवसभर पडद्यावर मुद्दे दाखवून जातो, हा आपल्याकडील प्रशिक्षणांचा प्रकार त्यात नाही. कोरा कागद समोर आला की आपल्यालाही सुचत नाही, हे शिक्षकाने स्वतः अनुभवले म्हणजे मुलाला ‘सुचत नाही का, विचार कर’ एवढेच सांगून तो पुढे जात नाही.

इतक्या दूरची उदाहरणे कशाला, असे वाटत असेल तर आपल्या माळशिरस तालुक्याला लागूनच फलटण आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी अमेरिकेतून येऊन तेथे आयुष्याची अनेक वर्षे घालवली आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मराठी वाचन-लेखनाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवर त्यांनी जे काम केले त्यात अक्षरे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घोकून घेण्याऐवजी काही अक्षरांचा गट स्वरचिन्हांसह शिकवून मुलाला लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला आणि लिहायला लावण्यावर भर आहे. वाड्याजवळ सोनाळे येथे नीलेश निमकर यांनी सुरू केलेली क्वेस्ट ही संस्था आदिवासी मुलांच्या प्रारंभिक साक्षरतेवर २००७ पासून काम करते आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या मुक्त लेखनाला जे स्थान होते ते मराठी शिक्षणविश्वाला परिचित आहे. म्हणजे मराठीतून लेखन कसे शिकवावे, याचे ज्ञान महाराष्ट्रात आहे आणि ते मराठीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील सरकारी आणि अनुदानित शाळांपर्यंत ते आणण्याची यंत्रणा तेवढी नाही.

लहान मुलांच्या पायाभूत साक्षरतेसाठीचे केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ पासून सुरू आहे आणि तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, हे त्याचे लक्ष्य आता पर्यवेक्षकांच्या तोंडी आहे. मोजता येते तेच शिकवले जाते, हा सरकारी कामाचा नियम असल्यामुळे लेखन येथेही मागे राहते. कारण मुलाचे लेखन मिनिटाला किती शब्द असे मोजून काहीच कळत नाही, ते कोणीतरी बसून वाचावे लागते. दहावीला मात्र हिशेब येतो. मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत: पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. हे स्वरूप आधीच्या पाठांतरी प्रश्नपत्रिकेपेक्षा कितीतरी चांगले आहे. पण पहिली ते नववी ज्या मुलाने स्वतःचे वाक्य केले नाही, ते दहावीत ‘तयार नमुने’ पाठ करते. बाजारात त्या नमुन्यांची पुस्तके निघाली आहेत आणि खपतात.

मोबाईलवर बोलले की मराठी आपोआप टंकलिखित होते, आता लिहायला शिकून काय करायचे, असे एका शिकलेल्या गृहस्थांनी मला अलीकडे विचारले. बोललेले उमटते हे खरे. पण तहसील कार्यालयात द्यायच्या अर्जात आधी काय सांगायचे, नंतर काय आणि काय गाळायचे, हे ते यंत्र त्या माणसाच्या वतीने ठरवत नाही; आणि ठरवू लागले तर यंत्राने लिहिले ते आपल्याला म्हणायचे होते तेच आहे की नाही, हे तरी वाचून ओळखता यायला हवे. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या अनेक स्त्रिया भविष्यनिर्वाह निधीचा आणि दवाखान्याचा अर्ज आजही दुसऱ्याकडून लिहून घेतात, त्यासाठी पैसे मोजतात, आणि अर्जात काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक नसते. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम चालू आहे आणि त्याच्या १५० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत, ही चांगली गोष्ट आहे. शिकवणारे मात्र स्वयंसेवक आहेत, आणि प्रौढ बाईला लिहायला शिकवणे हे पहिलीच्या मुलाला शिकवण्याहून वेगळे काम असते, हे त्यांना समजावून देणारा माणूस पुन्हा तोच, जो आपल्याकडे नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल. अकराही तालुक्यांत एकदम सुरुवात करण्याची घाई नको. कागदोपत्री सर्वत्र आणि प्रत्यक्षात कोठेच नाही, असे होण्याचीच त्यात शक्यता अधिक. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शहरातील पूर्व भाग येथून आरंभ करावा, कारण तेथे भाषांची अडचण सर्वांत मोठी आहे. प्रत्येक केंद्रातील एका इच्छुक शिक्षकाची निवड व्हावी. ‘इच्छुक’ हा शब्द मी जाणून वापरते आहे, कारण आदेशाने नेमलेला लेखनशिक्षक हा आणखी एक अहवाल भरणारा माणूस ठरेल. निवड करताना त्याच्याकडून एक पानभर काहीही लिहून घ्यावे. शक्य असेल तेथे कन्नड, तेलुगू किंवा उर्दू जाणणाऱ्याला अग्रक्रम द्यावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने मिळून त्यांच्यासाठी वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवावा, ज्यात लिपी शिकण्याची प्रक्रिया, दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे लेखन आणि खर्ड्यावर प्रतिसाद देण्याचा सराव या तीन गोष्टी मुख्य असाव्यात.

या शिक्षकाने आठवड्यातले काही दिवस केंद्रातील शाळांत जाऊन वर्गशिक्षकाबरोबर उभे राहून लेखनाचा तास घ्यावा. वर्गशिक्षकाला मागे बसवून ‘आदर्श पाठ’ दाखवण्याचा प्रकार नको. दोघांनी मिळून घ्यावा, मुलांचे खर्डे मिळून वाचावेत. महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन होते त्याऐवजी एक तास मुलांचे खरे लेखन सर्वांपुढे ठेवून त्यावर बोलावे. शाळेने एवढेच करावे की आठवड्यातून दोन तासिका लेखनासाठी सलग द्याव्यात, कारण पस्तीस मिनिटांत मूल विचार करून लिहायला लागते न लागते तोच घंटा होते. आणि या शिक्षकाला निवडणूक, सर्वेक्षण किंवा माहिती संकलनाच्या कामाला लावणार नाही, असे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावे. ही शेवटची अट हास्यास्पद वाटेल, पण ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना ती पहिल्या क्रमांकावर हवी होती असेच वाटेल.

खर्च फार नाही. नवी पदे निर्माण करण्याऐवजी तालुक्याच्या गटसाधन केंद्रांत शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या विषय साधनव्यक्तींच्या कामाची फेरमांडणी करून हे साधता येण्यासारखे आहे. जिल्हा परिषद आणि महापालिका या दोन्ही यंत्रणांनी एकत्र बसणे तेवढे आवश्यक आहे; शहरातील मूल आणि हद्दीपलीकडच्या गावातील मूल एकाच भाषेत अडते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. निबंध स्पर्धेतील पहिला क्रमांक छापण्याची प्रथा आपल्याकडे आहे, आणि तो निबंध बहुतेक वेळा कोणा मोठ्या माणसाने लिहून दिलेला असतो, हे छापणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना दोघांनाही कळते. त्याऐवजी पंधरवड्यातून एकदा अर्धे पान मुलांच्या साध्या लेखनाला द्यावे: मागावरचे काम, शेतातला हुरडा, पाण्याची रांग, आजीचे औषध, काहीही. संपादकीय विभागाने त्याची भाषा गुळगुळीत करू नये. शुद्धलेखन तपासावे, वाक्यरचना मुलाचीच ठेवावी, आणि मुलाने ‘करलालोय’ लिहिले असेल तर ते तसेच छापावे. लेखन निवडण्याचे आणि मुलांशी त्यावर बोलण्याचे काम करायला निवृत्त भाषाशिक्षकांपैकी काही जण मानधनाविना तयार आहेत. माझ्या परिचयातील अशा शिक्षकांना घेऊन आपल्या कार्यालयात येण्याची माझी तयारी आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीची कोणतीही वेळ आपण कळवावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर